गाठोड्यासकट

लोणावळे, ४ जुलै १९२१

आत्याबाई,

तुमच्या सुनेचा नमस्कार. हे पत्र मी सांगते आहे आणि एस्तेरबाई लिहीत आहेत, म्हणून अक्षर एवढं सरळ आहे. बेडशात पत्र आलं की ते दत्तोबा मास्तरांच्याच हाती जाणार, हे मला ठाऊक आहे. मास्तर, आत्याबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजव्या अंगाला बसून वाचा.

तुमच्या उंबऱ्यातून निघाले त्याला अडीच वर्षं झाली. कुठं गेले हे तुम्ही कुणाला विचारलं नाहीत आणि मीही कळवलं नाही. लोणावळ्यात तुंगार्लीच्या वाटेला मिशनचं एक आजारघर आहे, तिथं मी असते. नगर, सोलापूर, कुठून कुठून आजारी बाया इथं हवा पालटायला येतात, महिना-दोन महिने राहतात आणि अंगावर मांस धरून घरी जातात. मी त्यांच्या चादरी धुते. पाऊसकाळात ढग खिडकीतून आत येऊन बसतात, चार-चार दिवस काही वाळत नाही. मग शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर एकेक चादर सुकवायची. दिवस त्यात जातो. दिवस जावा, एवढंच मला हवं होतं.

एस्तेरबाई इथल्या नर्सबाई. वयानं तुमच्याएवढ्या नसतील, पण केस पिकलेत. मी आले त्या दिवशी त्यांनी कोण, कुठली, काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं.

कोंडाजी भाऊजींनी आपली खाचरं वाट्यानं लावली असतील. तुमचा लेक पलटणीतून बसऱ्याला गेला तो तिकडंच पडला, त्याच्यामागं वर्षाच्या आत मानमोडीच्या साथीत माझा सोपान तापानं गेला, आणि मग मी निघाले. एवढ्या घरात तुम्ही एकट्याच दिवा लावत असाल, हे कधीमधी मनात येतं.

इथं एक पाहिलं ते सांगते. तापकरी बाई आली की तिला उकळून निववलेलं पाणी पाजतात. चमच्याचमच्यानं, मागेल तितकं. काही होत नाही. बाया बऱ्या होतात. हे आपलं सहज लिहिलं.

कामशेतच्या बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर एक लोकरी शाल पाठवते. मिशनच्या मडमबाईंनी मला दिली होती. मी अंगाला लावलेली नाही.

मुक्ता

लोणावळे, १९ नोव्हेंबर १९२२

आत्याबाई,

हे अक्षर माझं. वाकडं आहे, पण माझं आहे. एस्तेरबाईंनी पाटीवर गिरवून घेतलं.

शाल परत आली. माणूस म्हणाला, "म्हातारी बोलली, बाटलेल्यांच्या घरची ऊब आमाला नगं." बरं. मी अजून बाटलेली नाही, पण तुम्हाला त्याचं काय!

मागच्या महिन्यात तुमच्या शेजारची रतनबाई लोणावळ्याला भावाकडं आली होती. बाजारात मला पाहून तिनं पदर नाकाला लावला आणि बरोबरच्या बाईला म्हणाली, "हीच ती. मानमोडीत पोराला चोरून पानी पाजलं हिनं. ताप डोस्क्यात चडला नि पोर गेलं. सासू हात जोडून सांगत व्हती, तापात पानी दिऊ नगं म्हनून." माझ्या हातात साबणाच्या वड्या होत्या. त्या तशाच धरून मी उभी राहिले. चार वर्षं झाली तरी गावात हेच चालतं, आणि तुम्ही ते चालू देता.

सोपानाच्या शेवटच्या दिवशी घरात तिघंच होतो. एक गेलं. राहिल्या दोघी. काय झालं ते त्या दोघींना ठाऊक आहे, तिसऱ्या कुणाला नाही. मास्तर, या ओळीवर त्यांनी तुम्हाला थांबवलं तर थांबा. नाही थांबवलं तर त्यांच्या तोंडाकडं बघा.

हे लिहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी बसत नाही, आत्याबाई. चार वर्षांत मी बसलेले नाही म्हटलं तरी चालेल. काम संपलं की धुतलेलीच चादर पुन्हा भिजवते. बसलं की कानात आवाज येतो. कुणाचा आणि काय म्हणतो, ते तुम्हाला सांगायला नको. तुम्हालाही येत असेल. येत नसेल तर तुमचं काळीज कशाचं आहे, ते मला कळत नाही.

इथं प्रार्थनेची एक खोली आहे. दोन बाकं, एक चटई, डोंगराकडं उघडणारी खिडकी. दुपारी एस्तेरबाई तिथं नुसत्या बसतात. परवा मी झाडायला गेले तरी त्या हलल्या नाहीत. मी विचारलं, "काय करताय बाई?"

"बसलेय."

"काय मागताय देवाकडं?"

"आज काही नाही. दमलेल्यांनी माझ्याकडे यावं, मी विसावा देईन, असं तो म्हणालाय. मी दमलेय. म्हणून येऊन बसले."

मी म्हटलं, "मला न्हाई जमायचं. माझ्या डोक्यावर लय मोठं गाठोडं हाय."

"मग गाठोड्यासकट बस," त्या म्हणाल्या. "आधी उतरवून ये, असं कुठं म्हणालाय तो?"

मी केरसुणी उचलली आणि व्हरांडा झाडायला गेले. तो सकाळीच झाडून झाला होता.

मुक्ता

लोणावळे, २२ एप्रिल १९२४

आत्याबाई,

दीड वर्ष लिहिलं नाही. मागचं पत्र रागानं लिहिलं होतं, त्याची लाज वाटत होती, आणि राग गेलाही नव्हता. दोन्ही एकत्र असलं की लेखणी चालत नाही.

गेल्या शुक्रवारी इथं सगळ्यांचा उपास होता. ख्रिस्ताला क्रुसावर खिळलं तो दिवस. बाया प्रार्थनेच्या खोलीत जमल्या होत्या, मी दाराशी टेकले होते. एस्तेरबाई शास्त्रातून वाचत होत्या. दरवर्षी हे वाचतात, पण आजवर मी अर्ध्या कानानं ऐकत आले. यंदा शब्द आत जात होते. त्याला बांधलं, मारलं, त्याच्या तोंडावर थुंकले. ते सगळं मी ऐकून घेतलं. जगात असं होतंच. मग एस्तेरबाईंनी वाचलं की तो तिथं टांगलेला असताना म्हणाला, मला तहान लागली आहे.

मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. बायांच्या वहाणा तुडवत बाहेर पडले आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. ऊन माथ्यावर होतं. दगड भाजत होता.

थोड्या वेळानं एस्तेरबाई आल्या. त्याच दगडावर माझ्या शेजारी बसल्या. काही विचारलं नाही. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. मास्तर, तुमच्यावर अविश्वास नाही. पण ती गोष्ट माझ्या एकटीच्या मालकीची नाही, आणि दुसऱ्या मालकिणीनं हो म्हटल्याशिवाय ती उघडी करायची नाही, असं मी आता ठरवलं आहे.

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, यात तुझी काही चूक नाही. तसं म्हणाल्या असत्या तर मी उठून गेले असते. त्यांनी आपला पदर माझ्या माथ्यावर धरला. मग म्हणाल्या, "मुक्ता, ती तहान त्याला ठाऊक आहे. ऐकून नाही, सोसून." आणि आणखी थोड्या वेळानं, "तुझ्या सोपानाजवळ त्या दिवशी तो होता. मला दाखवता नाही यायचा. पण जो स्वतः तसा मेला, तो तशा पोराला एकटं टाकून कुठं जाईल?"

आत्याबाई, इतकी वर्षं माझी खात्री होती की त्या दिवशी आपल्या घरात देव नव्हता. म्हणून मी कुणाच्याच देवाजवळ बसत नव्हते. तुमच्या खंडोबाजवळ नाही आणि यांच्याजवळ नाही.

नंतर मी त्या खोलीत गेले. बाया पांगल्या होत्या. चटईवर बसले. बोलता आलं नाही, रडूही आलं नाही. आवाज आला. नेहमीसारखाच आला. पण या खेपेला मी उठून पळाले नाही. एरवी तो मी एकटी ऐकत असे, त्या दिवशी आम्ही दोघांनी ऐकला. याहून जास्त मला सांगता येत नाही. कुणी दिसलं नाही, कुणी बोललं नाही. पण मी एकटी नव्हते, हे जसं शेजारी माणूस बसलं की न बघता कळतं, तसं कळत होतं. आणि मग मला झोप लागली. बसल्या जागी, भिंतीला डोकं टेकून, भर दुपारी. जागी झाले तेव्हा कुणीतरी डोक्याखाली चादरीची घडी सारली होती आणि चहाची वेळ टळून गेली होती. मला कुणी उठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतलेलीच चादर धुतली. एका दिवसात काही होत नाही. पण आता रोज दुपारी जाऊन बसते.

एक कबूल करायचं आहे. पहिल्या पत्रात इथं तापकऱ्याला पाणी पाजतात, हे सहज लिहिलं असं म्हटलं होतं. ते सहज नव्हतं. तुम्हाला टोचावं म्हणून लिहिलं होतं. मास्तरांना कळू नये पण तुम्हाला कळावं, असं वाक्य जुळवायला मला आठ दिवस लागले होते. त्याची माफी मागते.

गावात माझ्याविषयी जे बोलतात ते बोलू द्या. ते खोडायला मी येणार नाही, पत्रातूनही नाही. मेल्यावरही माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. तुमच्यावर माझा राग नाही, असं लिहिणार होते, पण ते पुरतं खरं नाही. दुपारपर्यंत थोडा असतो. मग नसतो.

येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. म्हणजे आता खरीच बाटले, असं रतनबाईंना सांगायला हरकत नाही.

मुक्ता

बेडसे, ११ सप्टेंबर १९२४

मुक्ताबाईंना दत्तोबा मास्तरांचा नमस्कार. सरुबाई सांगतील तसं शब्दाला शब्द लिहायचं, असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून लेखन शुद्ध नाही. लिहिण्याआधी त्यांनी रतनबाईंना आणि कोंडाजीला निरोप धाडून बोलावलं आणि समोर ओट्यावर बसवलं आहे. आता पुढचं त्यांचं.

मुक्ते,

तुजी समदी पत्रं पोचली. पयली दोन वाचताना मी मास्तरला मदीच म्हनलं, बास, फुडं नगं. तिसरं समदं ऐकलं. मग म्हनलं, पुन्यांदा वाचा. त्येच्यावर चार महिनं झालं, मला अन्न ग्वाड लागंना.

आता बोलते. ही रतन हितं बसलीया, कोंडाजी बसलाय, त्येंच्या म्होरं बोलते. मुक्तीनं पोराला पानी पाजलं न्हाई. एक थेंब न्हाई. सोपाना सकाळपासनं मागत व्हता. आये पानी, आजे पानी. हिनं दोनदा तांब्या उचलला. दोनी बारीला मी हिच्या हातातनं वडून घेतला. तापात पानी म्हंजी मरान, आसं माजा बाप सांगायचा, त्येचा बाप सांगायचा. मला पोर जगवायचं व्हतं गं. दुसरं काय व्हतं माज्यापाशी? दिस कलला तसं पोर मागायचं थांबलं. मला वाटलं, उतार पडला. मी खंडोबाला भंडारा बोलले. मागं वळून बगितलं तर पोर गेलतं.

मानसं जमली. कुनीतरी म्हनलं, कसं झालं वं? माज्या तोंडातनं निगालं, हिनं चोरून पानी पाजलं. का निगालं ते मला ठावं न्हाई. न्हाई, लबाड कशाला बोलू, ठावं हाय. पानी दिलं आसतं तर वाचलं आसतं, आसं कुनी मला म्हनू नये. म्हनून त्येच्या आदी मीच उलटं बोलून टाकलं.

तवा तू माज्याकडं बगितलंस. काय बोलली न्हाईस. सा वर्सं झाली, तू तशीच बगतीयास.

मास्तर थांबलेत. त्येंला म्हनलं, लिवा.

तू शिव्या दिल्या आसत्यास तर मी बी दिल्या आसत्या नि आपलं दोगींचं बरं चाललं आसतं. पर तू लिवलंस, ऱ्हाऊ द्या, मेल्यावर बी कुनाला कळनार न्हाई. त्येनं मी मोडले. माजं लबाड तू तुज्या डोक्यावर घिऊन जाशील नि मी हितं चांगली म्हनून मरंन, ह्ये मला सोसंना.

रतन रडतीया. कोंडाजी उटून गेलाय. जाऊ दे. समद्या गावाला सांगंल, तेच पायजे.

एक इचारते. तुजी बाई म्हनती, दमलेल्यांनी तितं यिऊन बसावं. लबाड बोललेल्यांनी बी बसावं का? तिला इचारून सांग.

सरुबाईंची निशाणी, अंगठा. वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणाल्या. दत्तोबा मास्तर.

लोणावळे, २० सप्टेंबर १९२४

आत्याबाई,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा एस्तेरबाईंकडून वाचून घेतलं, कारण मला दिसेना.

तुमचा प्रश्न मात्र मी त्यांना विचारला नाही. त्याचं उत्तर मलाच ठाऊक आहे. बसावं. गाठोड्यासकट बसावं. मीही तशीच बसले होते, आणि माझ्या गाठोड्यात काय होतं ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. ते आता सांगते. मास्तर, हे रतनबाईंसमोरच वाचा.

त्या दिवशी दुपारी तुम्ही जनावरांना वैरण टाकायला गोठ्यात गेलात. तांब्या चुलीपाशी होता. घरात मी आणि सोपान. त्यानं मागितलं. माझा हात धरायला कुणी नव्हतं. मी उठले, तांब्यापर्यंत गेले, तांब्यावर हात ठेवला आणि परत येऊन बसले. कारण मलाही वाटत होतं की पाण्यानं तो जाईल. तुमच्याएवढंच वाटत होतं. त्याला म्हटलं, "थोडं थांब माझ्या राजा, उद्या देते." त्यानं मान हलवली. मोठ्या माणसासारखी.

तुम्ही दोनदा तांब्या ओढून घेतलात ते मी जपून ठेवलं आणि ही अर्धी घटका पुरून टाकली. सहा वर्षं मी तुमच्यावर रागावून राहिले, त्यातलं निम्मं तुमच्यावर होतं, निम्मं माझ्यावर. रतनबाई म्हणत तशी मी चोरून पाणी पाजणारी असते तर किती बरं झालं असतं! तेवढंही धाडस माझ्यात नव्हतं. एस्तेरबाईंना दगडावर बसून मी हेच सांगितलं होतं. तुमचा तांब्या ओढण्याचा भाग सांगितला, पण रडले ते या भागाला.

तेव्हा, आत्याबाई, लपवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही.

आपण दोघींनी त्याला जगवायचं म्हणून पाणी दिलं नाही, हे खरं आहे. पण हे स्वतःशी घोकून ओझं उतरत नाही. मी करून पाहिलं. माझं उतरलं ते कुणीतरी खालून हात लावला तेव्हा. आधी त्यानं, आणि आता या पत्रानं तुम्ही.

घटस्थापनेच्या आत येते. एस्तेरबाईंनी आठ दिवसांची रजा दिली आहे. गाडीनं कामशेतला उतरेन आणि चालत येईन, कुणाला पाठवू नका. मला घरात घ्यायचं की ओट्यावर बसवायचं, ते तुम्ही ठरवा. माझा धर्म वेगळा झाला आहे आणि गावाला तोंड तुम्हाला द्यायचं आहे. ओट्यावर बसवलंत तर मी ओट्यावर बसेन. मला बसता येतं आता.

तुमची मुक्ता

लोणावळे, १५ नोव्हेंबर १९२५

आत्याबाई,

भात कापायला जाते, पंधरा दिवसांत येते म्हणून गेलात, त्याला महिना होत आला. कोंडाजी भाऊजींना वाटा बरोबर काढता येतो. तुम्ही खळ्यावर बसून त्यांचा जीव खाऊ नका.

एस्तेरबाई रोज विचारतात, म्हातारी कधी येणार? तुम्ही पाऊसकाळाचे चार महिने इथं काढलेत, त्याची त्यांना सवय झाली आहे. प्रार्थनेच्या खोलीत तुम्ही घोरत होता, ते त्यांना आवडत नव्हतं असं मला वाटायचं. आता म्हणतात, खोली फार शांत आहे, नीट बसवत नाही.

तुमचे देवांचे टाक कोनाड्यात आहेत तसेच आहेत. मी पुसून ठेवते. मडमबाईंनी परवा त्यांच्याकडं बोट दाखवून विचारलं तेव्हा एस्तेरबाई म्हणाल्या, "ते आजीचे आहेत. आजी आमच्या प्रभूजवळ येऊन बसते ना, मग त्याचं आणि तिचं ते बघून घेतील." मडमबाई हसल्या आणि गेल्या.

तुम्ही त्या खोलीत पहिल्यांदा आलात तो दिवस मी विसरणार नाही. तुम्हाला वाटलं, तिथं आपलं नाव सांगावं लागतं. दारातच उभ्या राहून तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "मी सरू. बेडशाची. सोपानाची आजी." मग चटईवर बसलात आणि चूल पेटवायची वेळ झाली तरी उठला नाहीत. बाहेर आलात तेव्हा मी चूल फुंकत होते. तुम्हीच म्हणालात, "न्हाई गं, काय बोलला न्हाई तो. पर ऊठ बी म्हनला न्हाई."

तुमच्या तोंडून सोपानाचं नाव मी त्या दिवशी सात वर्षांनी ऐकलं. मागच्या वर्षी मी बेडशाला आले, तुम्ही मला हाताला धरून आत नेलंत, आठ दिवस एका ताटात जेवलो, पण नाव तुम्हीही काढलं नाहीत आणि मीही नाही. इथं आल्यावर ते रोज निघायला लागलं. तो भाकरीचा पापुद्राच तेवढा खायचा, तो कोंबडीला दरडावायचा, तो झोपेत पाय मारायचा. मी दिवसभर खाचरात असायची, तो तुमच्यापाशी असायचा. त्यामुळं माझ्या लेकाचं निम्मं बाळपण तुमच्यापाशी राहिलं होतं, ते तुम्ही मला थोडं थोडं करून दिलंत. कपडे वाळत घालताना तुम्ही सांगायला लागलात की मी चादर हातात धरून उभी राहायची.

जायच्या आदल्या दिवशी तुम्ही लेण्यांची गोष्ट सांगत होता आणि मध्येच मला कामाला हाक आली. ती पुरती ऐकायची राहिली. जेवढी आठवते तेवढी लिहिते. चुकली असेल तर मास्तरांकडून दुरुस्त करून पाठवा.

सोपान गेला त्या वर्षी लावणीच्या दिवसांत तुम्ही त्याला आणि शेळ्यांना घेऊन डोंगरावर लेण्यांपाशी जायचा. मोठ्या लेण्याच्या दारात तो उभा राहायचा. आत जायला भ्यायचा. दारातूनच ओरडायचा, "आजे!" आणि आतून यायचं, "आजे!"

पळत पळत तो तुमच्याकडं यायचा. "आजे, आत कुनीतरी हाय."

"कोन रं?"

"ठावं न्हाई. पर त्येला बी आजी हाय."

मग शेळ्या उतरायच्या वेळी त्याला त्या आतल्याची काळजी वाटायची. अंधारात एकटाच राहणार म्हणून. तुम्ही ओढत असायचा आणि तो मागं वळून पुन्हा दारापाशी जायचा, हाताची ओंजळ तोंडाशी धरायचा आणि त्याला ओरडून सांगायचा, "भिऊ नगं!"

आतून यायचं, "भिऊ नगं!"

आणि ते ऐकल्यावर तो तुमचं बोट न धरता एकटाच उड्या मारत डोंगर उतरायचा, असं तुम्ही म्हणालात.

तो नक्की हेच म्हणायचा ना? की ते मी माझ्या मनचं घातलं? तेवढं कळवा. नाहीतर कळवूच नका, शुक्रवारच्या गाडीनं या आणि मला परत पहिल्यापासून सांगा. मी कामशेतला घ्यायला येते.

तुमची मुक्ता